गाडी उंच होते, स्प्रिंग मात्र तेवढीच!

भिवंडीत यंत्रमागावरच्या कापडाचे तागे मोटारसायकलवर लादून नेलेले आपण पाहतो. अशा गाडीचा मागचा भाग खाली बसलेला असतो. मेकॅनिककडे नेली, की तो मागच्या शॉकअपवरची खाचांची कडी पान्याने एक-दोन घरे फिरवतो आणि गाडी वर येते. ‘स्प्रिंग टाइट केली’ असे तो सांगतो. मोटारींच्या शौकिनांमध्ये ‘कॉइलओव्हर’ म्हणतात तो प्रकार तत्त्वतः हाच. शॉकअपच्या नळकांड्यावर बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यांवर एक कडी फिरते, कडीवर स्प्रिंग बसते आणि स्प्रिंगच्या माथ्यावर गाडीचा भार येतो. नेहमीच्या लहान मोटारीतही पुढच्या चाकांना बहुधा अशीच रचना असते. फक्त स्प्रिंगची बैठक नळकांड्याला पक्की जोडलेली असल्याने सरकत नाही.

आता प्रश्न असा: कडी वर फिरवली की स्प्रिंग खरोखरच ‘टाइट’ होते का?

प्रयोगशाळेतल्या स्टँडला एक स्प्रिंग टांगा. तिला २०० ग्रॅमचे वजन लावा आणि स्प्रिंगची लांबी मोजा. मग स्टँडची पकड २ सेंमी वर सरकवा. वजन २ सेंमी वर गेले, पण स्प्रिंगची लांबी? होती तेवढीच! रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेला नियम सांगतो, की स्प्रिंगची लांबी किती बदलणार ते तिच्यावरच्या बलावर ठरते. बल बदलले नाही, मग लांबी का बदलावी? गाडीत स्प्रिंग ताणली न जाता दाबली जाते, एवढाच फरक.

आकड्यांत पाहू. समजा एका स्प्रिंगवर २४० किलोचा भार आहे आणि ३० किलोला ती १ सेंमी दबते. मोकळी लांबी २५ सेंमी असेल, तर भाराखाली ८ सेंमी दबून ती १७ सेंमी राहील. गाडी जॅकवर उचलून कडी २ सेंमी वर घेतली, तर स्प्रिंग अधांतरीच २३ सेंमीपर्यंत दाबली जाते. हात लावला तर ती घट्ट लागते, आणि गैरसमज होतो तो इथेच. गाडी खाली टेकवली, की स्प्रिंग पुन्हा १७ सेंमीचीच. गाडी मात्र २ सेंमी वर. (स्प्रिंग चाकाच्या दांडीवर मध्येच बसवली असेल, तर तरफेच्या नियमाने हा आकडा वाढतो.)

हे उंच करणे फुकट नसते. आधी चाकाला खड्ड्यात खाली उतरायला ८ सेंमी वाव होता, आता ६ उरला. कडी पूर्ण ८ सेंमी वर नेली, तर वाव शून्य. शॉकअप पूर्ण ताणलेलाच राहील आणि खड्डा आला की चाक जमीन सोडेल. उलट कडी खाली घेतली, की वर दबण्याचा वाव घटतो आणि धक्का सरळ रबरी ठोकळ्यावर बसतो.

तरीही उंचीची गरज पडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाचा गतिरोधक म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंमी. विद्यार्थ्यांना जीवेच्या सूत्राने पडताळू द्या: ३.७ चा वर्ग भागिले ८ × १७, म्हणजे साधारण ०.१ मीटर. पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या माथ्यावर असताना तो तिच्या पोटाशी फक्त ४.२ सेंमी वर येतो, कारण चाकेही उंचवट्यावरच असतात. पण गल्लीत डांबर ओतून केलेला अर्धा मीटर रुंद, १५ सेंमी उंच उंचवटा चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो, आणि सगळे १५ सेंमी पोटाखाली येतात! पोट जमिनीपासून १६ सेंमीवर असेल, तर चार माणसे बसल्यावर वरच्या हिशेबाने गाडी २ सेंमी दबते आणि पोट घासते. दोष इथे गाडीचा कमी आणि गतिरोधकाचा जास्त, असे मला वाटते.

काही जण उलट, गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंग कापतात. आठ वेढ्यांतले दोन कापले, तर उरलेल्या सहांना तोच दाब वाटून घ्यावा लागतो. ३० किलोची स्प्रिंग ४० किलोची होते. म्हणजे खऱ्या अर्थाने टाइट होते ती कापल्याने! शिवाय मोकळी लांबी २५ वरून सुमारे १९ सेंमीवर येते. चाक खड्ड्यात लटकले, की ६ सेंमी पोकळी पडते आणि स्प्रिंग बैठकीवरून सरकू शकते. बॉलपेनची स्प्रिंग कापून वर्गात कडकपणातला हा फरक बोटांना जाणवून देता येईल.

कडी फिरवायची तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नये, पक्के टेकू हवेत. डुगडुगत्या टेबलाच्या एका पायाखाली घडी घातली, की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर वाढतो. गाडीचेही तसेच, म्हणून एकाच कोपऱ्याची कडी फिरवून भागत नाही. उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी, म्हणजे टायरमधल्या हवेचा घोटाळा होत नाही. मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे ढकलावी. टायर जमिनीला अडून राहिलेले असतात. मग चाकांची अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत तपासावा.