धुराड्याची भिंत

धुराड्याची भिंत : दिवाणखान्याच्या भिंतीत बांधून काढलेली आगटी, तिच्यावरून छपराबाहेर जाणारे धुराडे आणि या दोहोंना पोटात घेणारा भिंतीचा दर्शनी भाग यांस मिळून धुराड्याची भिंत म्हणता येईल. अशा आगटीला मराठी व्यवहारात फायरप्लेस हाच शब्द रूढ आहे. धुराडे सामान्यतः ३० ते ४५ सेंमी. भिंतीच्या पुढे आलेले असते व त्याच्या दोन्ही अंगांस खोलगट जागा राहतात. आगटीचे तोंड लहान आणि वरचा भाग मात्र छताला भिडलेला, कोरा व प्रचंड, असे तिचे स्वरूप असते. खोलीत शिरणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथेच जात असल्याने तिची सजावट हा गृहशोभनातील एक अवघड प्रश्न मानला जातो. शिवाय येथे शोभेसाठी जे द्रव्य वापरावे, त्याला उष्णता व काजळी सोसावी लागते आणि महाराष्ट्रात त्यांत पावसाळ्यातील ओलीची भर पडते.

महाराष्ट्राच्या पारंपरिक घरात अशी भिंत नव्हती. घरातील अग्नी स्वयंपाकघरात, सोवळ्यात असे. चूल आणि तिला जोडलेला वैल यांना रोज पोतेरे घालावे, पुढे रांगोळीच्या चार रेघा ओढाव्यात, एवढीच त्याची सजावट. आणि ती पाहुण्याच्या नजरेसाठी नव्हती. धूर कौलांच्या फटींतून किंवा छपरातील धुराड्यातून निघून जाई, पुष्कळदा तो घरातच कोंडे व तुळया काळ्या होत. उबेसाठी विस्तव लागलाच, तर तो हलता असे : बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी, म्हाताऱ्या माणसांच्या उशालगतची आगटी, अंगणातील किंवा खळ्यावरील शेकोटी. दिवाणखान्यात विस्तवाला जागा नव्हती, त्यामुळे विस्तवामागील भिंत सजविण्याची रीतही निर्माण झाली नाही. आजच्या बंगल्यांतील धुराड्याच्या भिंती बहुधा परकीय नमुन्यांची नक्कल वाटतात, त्याचे मूळ येथे आहे.

भिंतीतील आगटी महाराष्ट्रात आली ती इंग्रजांबरोबर. सर जॉन मॅल्कम याने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर हे थंड हवेचे ठाणे वसविले. सुमारे १,३७० मी. उंचीवरील या ठिकाणी बांधलेल्या बंगल्यांच्या बैठकीच्या खोल्यांत आगट्या आल्या आणि छपरांवर चिऱ्यांची धुराडी दिसू लागली. त्यांच्या भिंती साध्याच असत. आगटीवर लाकडी किंवा दगडी फळी, फळीवर घड्याळ व मेणबत्त्या, वर आरसा आणि शिकारीची आवड असेल, तर रानटी जनावरांची मुंडकी. या शेवटच्या प्रकाराला १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने पायबंद बसला. जुनी मुंडकीही मालकीच्या दाखल्यावाचून बाळगता येत नाहीत. पावसाळ्यात ही घरे बंद करून भिंतींना गवताच्या झडी लावीत. तथापि धुराड्याच्या उघड्या तोंडातून उतरणारे पाणी झडींनी अडत नसे.

यूरोपातही ही भिंत फार प्राचीन नाही. दालनाच्या मध्यभागी पेटणारा विस्तव भिंतीत सरकला, तो किल्ल्यांतून बाराव्या शतकाच्या सुमारास. भिंतीला टेकताच तो प्रतिष्ठेची खूण बनला. फ्रान्समधील ब्ल्वा येथील राजवाड्यात पहिल्या फ्रान्सिसचे सॅलॅमँडर हे राजचिन्ह आगट्यांवर कोरलेले आहे. ऑटोमन तुर्कांनी आगटीवर निमुळते छत्र उभारून ते व भोवतीची भिंत इझनिकच्या निळ्या-हिरव्या चकचकीत फरश्यांनी मढविली. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात याची उत्तम उदाहरणे आहेत. हॉलंडमध्ये डेल्फ्टच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या याच कामी आल्या. ही दोन्ही उदाहरणे नुसत्या हौसेची नव्हेत. चकचकीत फरशीवरची काजळी ओल्या फडक्याने निघते, ती उष्णतेने बिघडत नाही आणि ज्वाळेचा उजेड खोलीत परतविते. इंग्लंडमध्ये १६६२ ते १६८९ या काळात आगट्यांच्या संख्येवर घरपट्टीसारखा कर होता. अर्थात आगटी हे ऐपतीचे माप होते. अठराव्या शतकात रॉबर्ट ॲडम याने संगमरवरी चौकटींची रेखीव शैली रूढ केली आणि इटालियन शिल्पज्ञ पिरानेसी याने १७६९ मध्ये मुख्यतः आगट्यांच्या सजावटीला वाहिलेला एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात ईजिप्शियन, एट्रुस्कन व ग्रीक आकृतींची अक्षरशः खैरात आहे. तो पाहताना, भिंत कोरी राहिली असती तर बरे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आगटीच्या आतील बांधणीत मूलगामी सुधारणा केली ती काउंट रम्फर्ड (बेंजामिन टॉम्प्सन) याने. १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने आगटी उथळ करावी, तिच्या बाजू तिरप्या ठेवाव्यात आणि धुराड्याचा गळा अरुंद करावा, असे दाखवून दिले. त्यामुळे उष्णता खोलीत अधिक फेकली जाते व धूर ओढून घेतला जातो.

या भिंतीचा भारताशी आलेला एक संबंध लक्षणीय आहे. लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या दालनात आगटीवर मायकेल रिसब्रॅक याने सुमारे १७३० मध्ये कोरलेले एक संगमरवरी उत्थितशिल्प होते. पूर्वेकडील देश ब्रिटानियाच्या चरणी आपली संपत्ती वाहत आहेत, असा त्याचा विषय. ते शिल्प पुढे ब्रिटिश परराष्ट्र कार्यालयात गेले. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी आइल ऑफ वाइट या बेटावरील ऑझ्बर्न येथे व्हिक्टोरिया राणीसाठी दरबार-दालन बांधण्यात आले. त्याचे संकल्पन लाहोरच्या मेयो कलाशाळेतील भाई राम सिंग याने लॉकवुड किपलिंग याच्या मार्गदर्शनाखाली केले. हा किपलिंग १८६५ ते १८७५ पर्यंत मुंबईच्या कलाशाळेत शिक्षक होता. या दालनातील आगटीच्या वरच्या भिंतीवर राम सिंगने पिसारा फुललेला भव्य मोर गिलाव्यात घडविला. इतकी मोठी जागा एकाच आकृतीने, आणि तीही पसरत जाणाऱ्या आकृतीने, भरून काढण्याची ही युक्ती असामान्य आहे. मोराच्या पिसाऱ्याला धुराड्याच्या चौकोनाशी झगडावे लागत नाही. तो कडेपर्यंत आपोआप विरत जातो. भारतीय कारागिराला परकी भिंत दिली, तर तो तिचे काय करू शकतो, याचे हे उत्तर इंग्लंडमध्ये मिळावे आणि महाबळेश्वरी मिळू नये, हे चमत्कारिकच.

पुणे-मुंबई मार्गावरील खंडाळा, लोणावळा व तळेगाव दाभाडे या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विश्रांतीसाठी बांधलेली घरे वाढली आणि त्यांतील काहींत धुराड्याची भिंतही आली. तळेगाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर असून डिसेंबर-जानेवारीतील रात्री तेथे चांगल्याच गार असतात. तथापि आगटी खरोखर पेटवावी असे दिवस वर्षातून थोडेच. उरलेले महिने भिंतीकडे नुसते पाहावयाचे असते. म्हणून अशा प्रदेशात विझलेल्या आगटीची भिंत कशी दिसेल, हाच मुख्य विचार ठरतो. यूरोपीय पुस्तके त्याचा विचार क्वचितच करतात.

या परिसरात मोठी भिंत हाताळण्याचे धडे जवळच उपलब्ध आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या द्वारमंडपात दोन्ही बाजूंच्या उंच कातळभिंती कोऱ्या सोडलेल्या नाहीत. तळाशी हत्तींचे पुढे आलेले देह, त्यांवर वेदिकापट्ट आणि वर चैत्यकमानींचे लहानलहान मजले, अशी त्यांची रचना आहे. भार खाली, तपशील वर व आडव्या पट्ट्यांनी उंचीचे केलेले तुकडे ही पद्धत धुराड्यालाही तंतोतंत लागू पडते : खाली घडीव काळ्या पाषाणाचे जड बांधकाम, फळीच्या पातळीवर एक ठळक आडवी रेघ आणि वर हलके, फिके पृष्ठ.

दुसरा धडा पेशवाईतील वाड्यांचा. वाड्याच्या दिवाणखान्यातील लांब भिंत लाकडी खांब, त्यांमधील महिरपी व देवळ्या यांनी विभागलेली असे; दिवालगिऱ्या, हंड्या व झुंबरे यांमुळे तिच्यावर उजेडाची वेगळी वाटणी होई. वाईजवळील मेणवली येथे नाना फडणीसांच्या वाड्यात आणि चांदवड येथील होळकरांच्या रंगमहालात भित्तिचित्रे आहेत. या चित्रकारांनी सगळी भिंत एका चित्राने व्यापण्याऐवजी चौकटी पाडून विषय वाटून दिले. धुराड्याच्या दोन्ही अंगांच्या खोलगट जागांना देवळी किंवा फडताळ यांचे रूप दिल्यास तीच योजना साधते आणि पुढे आलेले धुराडे एकटे पडत नाही.

तिसरे साधन छापील चित्रांचे. राजा रविवर्मा यांचा शिळाछाप छापखाना मुंबईत १८९४ मध्ये निघाला आणि काही वर्षांतच तळेगावच्या पश्चिमेस असलेल्या मळवली येथे हलविण्यात आला. त्याच्या तसबिरी मराठी बैठकीत भिंतीच्या वरच्या अंगाला, किंचित पुढे झुकवून टांगीत. ही झुकती मांडणी उंच भिंतीला शोभते, परंतु पेटत्या आगटीवर अशी चित्रे लावू नयेत. धुराने त्यांचे रोगण काळवंडते व कागद ठिसूळ होतो. जुने वस्त्र, पैठणी किंवा गोधडी यांबाबतही हेच म्हणता येईल.

तळेगावाचे स्वतःचे द्रव्य म्हणजे काच. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने, १९०८ मध्ये येथे काच कारखाना सुरू झाला. ज्या गावाची स्वदेशीतील ख्याती भट्टीतून निघालेल्या वस्तूवर उभी राहिली, तेथील आगटीच्या फळीवर परदेशी शोभेच्या वस्तूंऐवजी काचेच्या हंड्या किंवा साध्या बरण्या मांडणे औचित्याला धरून होईल. न पेटलेल्या काळ्या आगटीपुढे काच उठून दिसते, हा त्यातील व्यावहारिक लाभ. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकामही येथे उपयोगी आहे. आगटीवर ठोक्यांच्या खुणा राखलेले तांब्याचे छत्र बसविल्यास भिंतीच्या वरच्या भागाला आणखी सजावट लागत नाही आणि तापण्याने तांब्याला चढणारी झाक विशोभित वाटत नाही.

वारली चित्रांचा अशा भिंतींवर अलीकडे फार वापर होतो. जिव्या सोमा म्हसे यांच्या कार्यामुळे या चित्रांना जगभर मान्यता मिळाली. तथापि मूळ वारली चित्र गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढतात. लग्नाचा चौक हा तर विधीचा भाग असतो व त्यात पालघट देवीची स्थापना असते. तो चौक तेवढा उचलून आगटीवर चिकटविणे म्हणजे देव्हाऱ्यातील वस्तू दिवाणखान्यात मांडण्यासारखे आहे. शेती, मासेमारी, तारपा-नाच इ. विषय निवडता येतात. पिठाचा रंग मात्र उष्णतेने सुटून पडतो, म्हणून तेथे खनिज रंग वापरावे लागतात.

द्रव्यांची निवड करताना काही गोष्टी ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. आगटीच्या आतील भागाला अग्निसह विटाच लागतात. काळा पाषाण बाहेरील दर्शनी भागास उत्तम. पण ओला दगड एकदम तापविल्यास त्याचे पापुद्रे उडतात आणि नदीतील गोटे तर फुटतातही. शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने बाहेरच्या ओट्याला चालते, विस्तवाखाली चालत नाही. सुमारे ९००° से. तापमानास चुनखडीची चुनकळी होऊ लागते. प्लास्टर ऑफ पॅरिसची नक्षी लोकप्रिय असली, तरी सु. १५०° से. पर्यंत तापल्यास तिच्यातील बद्ध पाणी निघून ती भुसभुशीत होते. तैलरंगाला फोड येतात. चुन्याचा गिलावा व चुन्याची सफेदी हेच अजून सर्वांत भरवशाचे. लाकडी चौकट आगटीच्या तोंडापासून किमान १५ सेंमी. दूर असावी आणि पुढे आलेली फळी त्याहूनही दूर. आगटीवर दूरचित्रवाणी संच बसविण्याची प्रथा पडली आहे, ती संचाला व पाहणाऱ्याच्या मानेला सारखीच अपायकारक होय.

सजावटीपेक्षा गंभीर प्रश्न हवेचा आहे. शोभेसाठी बांधलेल्या काही आगट्यांना धुराडेच नसते, किंवा असलेले धुराडे पावसाच्या, पक्ष्यांच्या घरट्यांच्या अथवा वातानुकूलनाच्या सोयीसाठी बुजविलेले असते. अशा आगटीत पाहुण्यांसाठी हौसेने कोळसे पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू खोलीत साचतो. दारे-खिडक्या लावून शेगडीजवळ झोपलेली माणसे सकाळी मृत आढळल्याच्या घटना उत्तर भारतात दर हिवाळ्यात घडतात, त्या याच वायूमुळे. म्हणून बंद धुराड्याच्या आगटीत विस्तव ठेवता येऊ नये, अशीच तिची मांडणी करावी : तोंडाशी पक्की जाळी, आत घडीव दगड, पितळी समई किंवा पुस्तकांचे कप्पे. चालू आगटीचे धुराडे छपरातून बाहेर पडते तेथून किमान ९० सेंमी. आणि तीन मीटरांच्या आतील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा ६० सेंमी. उंच ठेवतात, अन्यथा वारा धूर उलटा लोटतो.

मावळातील पावसात धुराड्यावर दगडी किंवा पत्र्याची टोपी आणि छपराशी होणाऱ्या सांध्यावर शिशाची अथवा जस्ताची पट्टी नसेल, तर पहिल्याच वर्षी भिंतीला लोणा लागतो. तो वरच्या रंगाने झाकत नाही; गिलावा खरवडून, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवून मगच पुन्हा चुना लावावा लागतो. जुन्या गवंड्यांचा क्रमही असाच असे : एक पावसाळा आणि एक हिवाळा भिंत तशीच कोरी सोडावयाची, कोठे ओल येते व कोठे काजळी धरते ते पाहावयाचे आणि चित्र, फरशी वा कोरीवकाम यांची जागा त्यानंतर ठरवावयाची.