लग्नघरात टिकलेली मायबोली

मैत्रिणींनो, लग्नघरात तान्हं मूल रडू लागलं की आईची कशी तारांबळ उडते, ते का तुम्हाला सांगायला हवं? अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या केजन लोकांनी यावर छान तोडगा काढला होता. नाचाच्या हॉललगतच्या खोलीत मुलं निजवायची नि मग आईबापांनी खुशाल नाचायचं! म्हणून त्या नाचालाच नाव पडलं ‘फे दोदो’, म्हणजे चक्क ‘गाई-गाई कर’!

हे लोक मूळचे फ्रेंच. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, अकादी प्रांतात ते शेती करीत. १७५५ मध्ये इंग्रजांनी त्यांना घरादारावरून हाकललं. कुटुंबांची ताटातूट झाली. पुढे त्यांतले काही लुइझियानात येऊन वसले. ‘अकादियन’चं बोलताबोलता ‘केजन’ झालं.

त्यांच्या जुन्या रीतीच्या लग्नात चर्चमधला विधी आटोपला की सगळे नाचाला जमतात. फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, अकॉर्डियन आणि लोखंडी त्रिकोण ही त्यांची वाद्यं. आधी नवरानवरी पुढे नि मागे आईवडील, करवल्या अशी सुरांवर हॉलभर फेरी निघते. मग वधूवरांचा वाल्ट्झ नाच. पुढे ज्याला नवरीबरोबर नाचायचं असेल, त्याने तिच्या डोक्यावरच्या जाळीला टाचणीने नोट लावायची. आहेरच की हो तो! थोरलं भावंड बिनलग्नाचं असलं तर त्याला झाडू घेऊन नाचवतात. सारे हसतात, पण थोरल्या बहिणीला काय वाटत असेल, असं मनात येतंच.

घरी बायका काम करता करता जुनी कथागीतं म्हणत. १९२८ मध्ये केजन गाण्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा जो फाल्कनला गिटारची साथ क्लेओमा ब्रो या बाईने केली होती.

पण १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली होती. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई. आपण सोसलं ते लेकरांच्या वाट्याला नको, म्हणून पुढे कित्येक आयांनी घरातही फ्रेंच सोडली. १९६८ मध्ये सरकारने ती जपण्यासाठी खास मंडळ नेमलं खरं, पण तोवर आजीची भाषा नातवाला कळेनाशी झाली होती. गाणी मात्र फ्रेंचमध्येच राहिली.

मी स्वतः वर्गात शिकवते. त्या आयांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. मुलांच्या भल्यासाठीच त्या गप्प बसल्या ना! एवढंच सांगते, घरी हळदीची गाणी म्हणणारी आजी असेल, तर पुढच्या लग्नात मुलांना तिच्याशेजारी बसवा. आणि शब्दांचा अर्थही विचारायला सांगा, बरं का!