परदेशातील वेतन आणि प्राप्तिकराचा अंदाज

मुंबई-आग्रा रस्त्यावरील घोटी ही इगतपुरी तालुक्यातील भाताची मोठी बाजारपेठ. भातगिरणीवर गाडी घेऊन येणाऱ्या येथील शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही : क्विंटलभर भात भरडले म्हणजे क्विंटलभर तांदूळ हाती येत नाही. तूस जातो, कोंडा जातो, कणी निघते. घरात खायला किती आणि विकायला किती, याचा हिशेब तो तांदळावर करतो, भातावर नव्हे. पण त्याच शेतकऱ्याच्या मुलाला परदेशात नोकरी लागते, तेव्हा मात्र सारे घर भाताच्या मापाने हिशेब करू लागते. नेमणूकपत्रावरील युरोला रुपयाच्या भावाने गुणले जाते आणि त्या आकड्याच्या भरवशावर कर्जाचा हप्ता ठरतो.

हा प्रश्न आता मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांतील तरुणांना त्यामुळे परदेशाची वाट दिसू लागली. तेथे कर किती व कोणाला द्यावयाचा, हे निघण्यापूर्वी समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम तेथील हिशेब पाहू. समजा, एका अविवाहित तरुणास दरमहा ३,००० युरो वेतन ठरले. त्यातून निवृत्तिवेतन विम्यासाठी ९.३ टक्के, बेकारी विम्यासाठी १.३ टक्के आणि त्याखेरीज आरोग्य व शुश्रूषा विम्याचे हप्ते कापले जातात. हे सारे मिळून वेतनाच्या पंचमांशाहून थोडे अधिकच भरते. त्यानंतर प्राप्तिकर येतो. २०२५ साली वार्षिक १२,०९६ युरोपर्यंतचे करपात्र उत्पन्न करमुक्त होते. त्यावरील उत्पन्नावर कराचा दर १४ टक्क्यांपासून चढत ४२ टक्क्यांपर्यंत व अतिश्रीमंतांना ४५ टक्क्यांपर्यंत जातो. या सर्व वजावटी होऊन त्या तरुणाच्या हाती सुमारे दोन हजार ते एकवीसशे युरो पडतात. भात आणि तांदूळ यांचे प्रमाणही जवळपास असेच असते! घरभाडे व जेवणखाण त्यातूनच भागवावयाचे असते.

दुसरा हिशेब मायदेशातील. 'परदेशी गेला म्हणजे इथला कर सुटला' हा समज सार्वत्रिक आहे. परंतु कायदा पारपत्राचा रंग पाहत नाही, तो दिवस मोजतो. आर्थिक वर्षात १८२ वा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते. भेटीसाठी येणाऱ्यांना आणि भारतात १५ लाखांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांना निराळे नियम आहेत. पण नोकरीसाठी प्रथमच देश सोडणाऱ्या नागरिकास मुख्यतः ही १८२ दिवसांचीच कसोटी लागते. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या व १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या कायद्यातही ती कायम आहे.

या कसोटीचा परिणाम किती दूरवर पोहोचतो पाहा. एखादा तरुण २८ सप्टेंबरला विमानात बसला, तर १ एप्रिलपासून त्याचे भारतातील दिवस, जायचा दिवस धरूनही, १८१ च भरतात. तो अनिवासी ठरतो व मार्चअखेरपर्यंतचे त्याचे जर्मनीतील वेतन भारतीय कराच्या कक्षेबाहेर राहते. तोच १ ऑक्टोबरला निघाला, तर जायचा दिवस सोडूनही १८३ दिवस होतात. तो निवासी ठरतो आणि जर्मनीतील वेतनही येथील विवरणपत्रात दाखवावे लागते. एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये यासाठी भारत व जर्मनी यांच्यात १९९५ चा करार आहे. मात्र त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. तेथे भरलेल्या कराचा पुरावा जोडून विहित नमुन्यात तो मागावा लागतो. त्यात जर्मनीचे करवर्ष जानेवारीत सुरू होते, आपले एप्रिलमध्ये. दोन वर्षांच्या वेतनचिठ्ठ्या जपून ठेवल्याशिवाय हा मेळ बसत नाही.

अनिवासी झाल्यावरही भारतात उद्भवणाऱ्या उत्पन्नावरील कर राहतोच. समजा, घोटीत त्या तरुणाच्या नावावर एक गाळा आहे व त्याचे भाडे दरमहा १५,००० रुपये येते. वर्षाच्या १ लाख ८० हजारांतून ३० टक्के प्रमाणित वजावट जाता १ लाख २६ हजार उरतात. नव्या करप्रणालीतील ४ लाखांच्या मर्यादेखाली ही रक्कम असल्याने, दुसरे उत्पन्न नसेल तर, त्यावर कर शून्य. तथापि मालक अनिवासी म्हणून भाडेकरूने ३१.२ टक्के दराने, म्हणजे वर्षाला ५६,१६० रुपये, कापून सरकारजमा करणे अपेक्षित असते. विवरणपत्र भरले तरच ते परत मिळतात. अनिवासींच्या साध्या रुपया खात्यावरील व्याजालाही हाच दर लागतो. परदेशातील कमाई ठेवण्याच्या एनआरई खात्याचे व्याज मात्र करमुक्त असते. २०२५-२६ पासून बहुचर्चित झालेली बारा लाखांपर्यंतची करमाफी ही वस्तुतः निवासींनाच मिळणारी सूट आहे. तेवढ्याच करपात्र उत्पन्नावर अनिवासीला ६२,४०० रुपये भरावे लागतात.

भातशेतीचे उत्पन्न भारतात प्राप्तिकरातून मुक्त आहे, हे घोटीत सर्वांना ठाऊक असते. परंतु ती मुक्तता आपल्या कायद्याची आहे, जगाची नव्हे. अमेरिकेत निवासी ठरलेल्या व्यक्तीचे जगभरचे उत्पन्न तेथे हिशेबात येते, त्यात गावच्या शेतीचेही. उलट दुबईत वेतनावर प्राप्तिकरच नाही. म्हणून एका देशातून आलेल्या मित्राचा आकडा दुसऱ्या देशात जाणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

परकीय करकायदा सामान्य माणसाने मुखोद्गत करावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण चार प्रश्न प्रत्येक घराला विचारता येतील : भारतातील दिवस किती भरतील? वेतनातून काय काय कापले जाईल? मायदेशी कोणते उत्पन्न राहील? त्या देशाशी आपला करार काय सांगतो? परदेशी भाषेचे वर्ग काढणाऱ्या संस्थांनी आणि महाविद्यालयांनी या हिशेबाचे चार तास घेतले, तर त्याचा उपयोग व्याकरणाहून कमी ठरणार नाही. कारण कर्जाचा हप्ता नेमणूकपत्रावरील आकड्यातून जात नाही. तो महिनाअखेर हाती उरलेल्या रकमेतून जातो. गहाण पडते ती मात्र घोटीची जमीन असते.