गोड-खारट पॉपकॉर्न घरी करताना साखर का जळते?

डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने मीठ-मसाल्याच्या सुट्या पॉपकॉर्नवर ५ टक्के, पॅकबंदवर १२ आणि कॅरॅमलवर १८ टक्के कर असल्याचं स्पष्ट केलं आणि सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला. घरच्या पातेल्यात मात्र गोड आणि खारट एकत्र करता येतं. अडचण फक्त साखरेची.

दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं. दाणा १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की आतल्या वाफेच्या दाबाने कडक साल फुटते. साखरही जवळपास याच तापमानाला वितळून तपकिरी होते. म्हणूनच जरा दुर्लक्ष झालं की सगळं कडू!

किराणा दुकानात पॉपकॉर्नचाच मका मागा. खडकवासल्याला पावसात भाजून खातो त्या कणसाचे दाणे वाळवले तरी असे फुलत नाहीत.

जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल आणि तीन-चार दाणे टाका. ते फुटले की अर्धी वाटी मका, दोन मोठे चमचे साखर, पाव चमचा बारीक मीठ (जाडं मीठ तळाशी बसतं) घालून झाकण लावा. मध्यम आचेवर पातेलं सतत हलवा. दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की लगेच परातीत ओता. उरलेल्या दाण्यांची वाट पाहू नका.

वितळलेली साखर त्वचेला चिकटून खोल भाजते, त्यामुळे मुलांना लांब ठेवा. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊच नका, घशात अडकतात.

पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पुण्याच्या पावसाळी हवेत साखरेचा थर लवकर चिकट होतो.