शब्दामागे चाळीस पैसे

कंटेंट रायटिंगच्या जाहिरातीत दर असतो तो शब्दांचा. तासांबद्दल कुणी बोलत नाही. शब्दामागे ३० पैसे, ४० पैसे, अगदीच बरी एजन्सी असली तर १ रुपया, हे नवख्या लेखकाला सर्रास ऐकू येणारे आकडे. त्यात ‘दिवसाला ३००० शब्द आरामात होतात’ असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. मग ४० पैशांनी दिवसाचे १२०० रुपये, गुणिले ३० म्हणजे महिन्याला ३६,००० रुपये, असा हिशेब डोक्यात बसतो आणि काही जण त्या भरवशावर नोकरीचा राजीनामाही देऊन टाकतात. गुणाकारात चूक नाही. पण विकला जातो तो वेळ, आणि तो या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

एकच काम जवळून पाहू. ‘मधुमेह असताना कोणती फळं खावीत’ या विषयावर ८०० शब्द, दर ४० पैसे. ब्रीफमध्ये शीर्षक, पोटमथळे, स्पर्धक साइटच्या लिंका आणि सहा कीवर्ड. त्यातला एक ‘मधुमेहासाठी फळे मराठी’. मराठीतल्या कुठल्याही धड वाक्यात तो बसत नाही, तरी तो तीनदा यायलाच हवा. आंब्याबद्दल दोन साइट दोन गोष्टी सांगतात, म्हणून तिसरीकडे खात्री करायची. वाचनात तास जातो, लिहिण्यात दोन. मग लेख चोरलेला नाही हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तो काढायचा, फोटो शोधायचे, आणि दुसऱ्या दिवशी ‘टोन जरा फ्रेंडली करा’ अशी टिप्पणी आली की पुन्हा बसायचं. चार तास धरा. हातात ३२० रुपये, म्हणजे ताशी ८०. हा दरही पूर्ण खरा नाही, कारण सुरुवातीला जितका वेळ लिहिण्यात जातो तितकाच काम शोधण्यात जातो: नमुने पाठवणं, मेसेज करणं, उत्तराची वाट पाहणं. ते तास मिळवले की दर ताशी ४० वर येतो, आठ तासांचे ३२०. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती.

‘परदेशी क्लायंट धरा, डॉलरमध्ये कमवा’ हा यावरचा ठरलेला सल्ला. तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. फायव्हरसारखी साइट लेखकाच्या कमाईतला २० टक्के हिस्सा ठेवून घेते, म्हणजे ५ डॉलरच्या कामाचे हातात ४ येतात. अपवर्कवर अर्ज करायला ‘कनेक्ट’ लागतात आणि फुकटचे संपले की ते विकत घ्यावे लागतात. काम मिळो वा न मिळो, तो खर्च झालाच. वर डॉलरचे रुपये करताना थोडं झडतं. देशी कंपनी अनेकदा १० टक्के टीडीएस कापते, पण त्याचा बाऊ करू नये: कर लागू नसेल तर रिटर्न भरल्यावर ते पैसे परत मिळतात. रिटर्नच न भरणारे नवे लेखक मात्र पुष्कळ, आणि त्यांचे ते पैसे सरकारजमाच राहतात.

यावर खरा आक्षेप वेगळा आहे. सवयीने वेग वाढतो, मग सुरुवातीच्या दरावरून धंद्याची किंमत कशी ठरवायची? वेग वाढतोच, चार तासांचं काम अडीच तासांत होऊ लागतं. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि नेमका तो वेगच स्वस्त झाला. आता ‘लिहू नका, फक्त एडिट करा’ म्हणून यंत्राने पाडलेला मजकूर निम्म्या दरात हाती दिला जातो. दर दुसऱ्या परिच्छेदात ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे’ असलेला तो मजकूर माणसाच्या मराठीत आणायला लिहिण्याइतकाच वेळ लागतो. म्हणून दर वाढतो तो विषयामुळे. फळांच्या लेखातली चूक साइटवाल्याला फारशी महागात पडत नाही, त्याला जाहिरातीपुरते वाचक मिळाले की झालं. विम्याच्या अटी, कीटकनाशकाचं माहितीपत्रक, बँकेच्या ॲपमधल्या सूचना यांत चूक झाली तर ती कंपनीच्या अंगाशी येते, म्हणून तिथे पैसे मोजायची तयारी असते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये, कृषी सेवा केंद्रात किंवा सीएच्या ऑफिसात काही वर्षं काढलेल्या माणसाजवळ विषयाच्या माहितीचं हे भांडवल आधीपासून असतं. सफाईदार भाषा नंतर कमावता येते.

अनुभव मिळतो म्हणून फुकट लिहावं का? आपल्या आवडीच्या विषयावरचे दोन-तीन नमुने जरूर तयार ठेवावेत. पण ‘टेस्ट’ म्हणून क्लायंटच्याच विषयावर हजार शब्द मागितले जात असतील, तर ते कामच आहे.

तेव्हा नोकरी किंवा शिक्षण सांभाळून रोज चार तास देणाऱ्याने पहिल्या वर्षी महिन्याला चार-पाच हजार रुपये धरावेत. त्यातलेही काही उशिरा येतील हे गृहीत धरूनच घराचे हप्ते ठरवावेत. उशिरावर थोडाफार इलाज आहे. काम घेण्याआधी छोट्या व्यवसायांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी केलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार कंपनीला लेखी करारात ४५ दिवसांपेक्षा लांबची मुदत घालता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागतं. शंभर रुपयांसाठी कुणी दावा लावणार नाही हे खरं, पण इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक आणि मुदतीची तारीख छापली असली की अकाउंट्स विभागाला त्या बिलाकडे काणाडोळा करणं जड जातं. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. तिच्यासाठी फी मागणाऱ्या साइट खासगी आहेत.