बळी तो कान पिळी? : डार्विनचा सिद्धांत व त्याचा विपर्यास

(द्वितीय वर्ष, कला)

दिवाळीची सुट्टी संपवून मी जत तालुक्यातील माझ्या गावाहून एस.टी.ने साताऱ्यास परत येत होते. शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझी विचारपूस केली. घरी मेंढरे आहेत आणि घरातून कॉलेजला जाणारी मीच पहिली, हे ऐकून ते म्हणाले, "शिका, शिका. पण सगळ्यांनाच शिक्षण झेपत नसतं, बाळ. डार्विननंच सांगून ठेवलंय, बळी तो कान पिळी. मुळात लायक असतात तेच टिकतात."

मला उत्तर सुचले नाही. डार्विनविषयी मला दहावीच्या पुस्तकातील एका प्रकरणापलीकडे काहीच ठाऊक नव्हते. साताऱ्यास आल्यावर मी ग्रंथालयात शोध घेतला. आपल्याच जिल्ह्यात, वाईस तयार झालेल्या मराठी विश्वकोशात 'क्रमविकास' या शब्दाखाली हा विषय सापडला आणि तेथून पुढे वाचत गेले. त्यातून जे समजले, ते माझ्यासारख्याच कला शाखेच्या मित्रमैत्रिणींपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या काळात 'बीगल' जहाजावरून जगप्रवास करून आला. त्याने जमवलेल्या प्राण्यांची, वनस्पतींची व जीवाश्मांची संगती लावण्यात पुढची वीस वर्षे गेली. १८५८ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गअभ्यासकाने मलाया द्वीपसमूहातून पाठवलेला निबंध त्याच्या हाती पडला. त्यात नेमका तोच विचार होता! दोघांचे लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचण्यात आले आणि पुढील वर्षी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, डार्विनचा 'जातींचा उगम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाची सुरुवात कोठून होते? पाळीव जनावरांपासून! डार्विनने स्वतः कबुतरे पाळून पाहिली होती. हे वाचताना मला आमचे आबा आठवले. आमची मेंढरे मडग्याळ जातीची. उंच पाय आणि पोपटासारखे बाकदार नाक ही त्यांची ओळख. सुट्टीत गेले तेव्हा मी विचारले, "आबा, कळपात कुठला मेंढा ठेवायचा हे तुम्ही कसं ठरवता?"

"त्यात काय ठरवायचं?" आबा म्हणाले. "ज्याचं नाक वाकडं, पाय लांब, अन् दुष्काळातबी ज्याची आई दुधाला हटली न्हाई, त्यो ठिवायचा. बाकीची बाजाराला."

आबा शाळेत गेलेले नाहीत; परंतु सिद्धांताचे निम्मे त्यांनी एका वाक्यात सांगितले. सर्व कोकरे सारखी नसतात, आईबापांचे गुण पोरांत उतरतात आणि ज्याला ठेवावे त्याची प्रजा वाढते. पिढ्यान्पिढ्या असे करत राहिले की जात घडते. माणदेशातील खिलार बैलही असाच घडला.

उरलेले निम्मे असे. रानात निवड करणारे आबा नसतात. तरीही प्रत्येक जातीत जगू शकतील त्याहून जास्त पिल्ले जन्मतात, आणि अन्न, पाणी व जागा मोजकीच असते. त्या परिस्थितीत ज्यांचा उपजत फरक उपयोगी पडतो ते जरा अधिक टिकतात, त्यांना जरा अधिक पिल्ले होतात आणि तो फरक पुढच्या पिढीत पसरतो. कोणी ठरवत नाही, तरी निवड होते. म्हणून तिला 'नैसर्गिक निवड' म्हणतात.

याला नेहमी लाखो वर्षेच लागतात असे नाही. तासगावला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. "दावण्याला या औषधाची सवय झाली," असे ते म्हणतात. वास्तविक सवय कोणालाच होत नाही. असंख्य रोगजंतूंत थोडे असे असतात की ज्यांच्यावर ते औषध चालत नाही. बाकीचे मरतात, हे थोडे उरतात आणि त्यांचीच प्रजा बागभर होते. तेच औषध पुनःपुन्हा मारणारा बागायतदार नकळत ही निवड करीत असतो. म्हणूनच औषधे आलटून पालटून वापरावी लागतात.

आता 'लायक' या शब्दाकडे वळू. 'योग्यतम ते टिकते' हा शब्दप्रयोग मूळ डार्विनचा नाही. तो हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली वापरला आणि डार्विनने १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत स्वीकारला. आपण त्याला 'बळी तो कान पिळी' ही जुनी म्हण जोडली आणि तेथेच घोटाळा झाला. योग्य म्हणजे बलवान नव्हे. योग्य म्हणजे त्या जागी, त्या वेळी जुळणारा.

साताऱ्याजवळचे कासचे पठार पाहा. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आणि त्यात नत्र अगदी कमी. तेथे दवबिंदू ही चिमुकली वनस्पती चिकट पानांवर किडे धरून आपली गरज भागवते. या कुळातील वनस्पतींवर डार्विनने दीर्घ प्रयोग केले व १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. हीच वनस्पती कृष्णाकाठच्या काळ्या रानात लावली, तर उंच गवत तिला सहज झाकून टाकील. मग लायक कोण? आबा म्हणतात, "आपला मेंढा महाबळेश्वराच्या पावसात न्हेला तर खुरं सडून मरंल." जागा बदलली की लायकी बदलते.

माणूस आजच्या माकडापासून झाला, असेही हा सिद्धांत म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एकच होते आणि सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, एवढेच त्याचे म्हणणे. तरीसुद्धा २०१८ साली एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, असे म्हणून हा सिद्धांत चुकीचा ठरवला. २०२३ साली एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेध नोंदवला. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्याला हा विषय पुन्हा भेटत नाही. मग एस.टी.त कोणी काही सांगितले तर आपण गप्प बसतो.

या गप्प बसण्याची किंमत जगाने मोजली आहे. उच्चनीचता निसर्गानेच ठरवली आहे असे सांगण्यासाठी डार्विनचे नाव वापरले गेले; वंशशुद्धीच्या कल्पना युरोपात फोफावल्या. 'युगान्त'मुळे आपणा सर्वांना माहीत असलेल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला संशोधन करीत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध आहे, असे त्यांना दाखवून हवे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असेच लिहिले. परक्या देशात आपल्याच मार्गदर्शकांविरुद्ध निष्कर्ष मांडणे सोपे नव्हते.

आपल्याकडे कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी मिल व स्पेन्सर आवडीने वाचले होते. परंतु 'जे टिकेल ते टिकेल' असे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. 'सुधारक' काढून त्यांनी रूढींवर घाव घातले. निसर्गात काय घडते हे सांगणे वेगळे आणि समाजात काय घडावे हे ठरवणे वेगळे.

त्या गृहस्थांना आज मी असे सांगेन: काका, नैसर्गिक निवड उपजत फरकांवर चालते. आमच्या आजोबांना शाळाच मिळाली नाही. आबा सात वर्षांचे असताना मेंढरांमागे गेले. ज्यांना परीक्षेला बसूच दिले नाही, ते नापास झाले असे म्हणता येत नाही. माझी परीक्षा मार्चमध्ये आहे. निकाल काहीही लागो, त्याचे कारण माझ्या अभ्यासात शोधावे. डार्विनकडे बोट दाखवू नये.