अभ्यासिकेतली मानदुखी : गोळीवर दिवस काढू नका

अभ्यासिका चालवताना आम्ही पुस्तकांचा, दिव्यांचा, पंख्यांचा विचार केला. टेबलाच्या उंचीचा मात्र कधी केला नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आमचा एक कार्यकर्ता मित्र तीन महिने रोज वेदनाशामक गोळी घेऊन अभ्यासाला बसत होता. उजव्या हाताला मुंग्या येऊन पेन धरवेना, तेव्हा कुठे त्याने सांगितले. डॉक्टरांनी मानेतली नस दबल्याचे निदान करून फिजिओथेरपी सुरू केली. दोन महिन्यांत हात बरा झाला, पण त्या वर्षीची पूर्वपरीक्षा हुकली. "आधी का बोलला नाहीस?" असे विचारले तर म्हणाला, "सगळ्यांचीच मान दुखते, त्यात काय सांगायचं?"

सगळ्यांचीच दुखते, हे खरे आहे. म्हणूनच यावर बोलायला हवे.

मान का दुखते?

आपले डोके साधारण ४.५ ते ५ किलोचे असते आणि ते मानेच्या ७ मणक्यांवर तोललेले असते. भरलेली कळशी अंगाशी धरली तर चालता येते, हात लांब करून धरली तर क्षणात खांदा भरून येतो. डोके पुढे झुकले की मानेमागच्या स्नायूंचे तेच होते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रारूपावरून मांडलेल्या अंदाजानुसार, मान ६० अंशांत झुकली तर मणक्यांवर सुमारे २७ किलोइतका भार येतो. मोबाइल मांडीवर ठेवून बघताना आपण जवळपास तेवढेच वाकतो.

पण वाकणे एवढेच कारण नाही. तासन् तास एकाच स्थितीत बसणे, अपुरी झोप, निकालाचा ताण, व्यायामाचा अभाव हे सगळे त्यात असते. ताठ बसूनही चार तास हललो नाही तर मान दुखणारच. बैठक बदलत राहणे हीच चांगली बैठक.

बैठक कशी सुधारायची?

पुस्तक टेबलावर आडवे न ठेवता जुन्या गाइडांच्या थप्पीला टेकवून तिरके उभे करा. लॅपटॉपचा वरचा काठ डोळ्यांच्या रेषेत आणा. पाठ खुर्चीला टेकलेली, कोपरांना आधार आणि पाय जमिनीवर असू द्या. मोबाइल डोळ्यांकडे आणा, डोळे मोबाइलकडे नेऊ नका. दर ३० मिनिटांनी उठून दोन मिनिटे चाला. पालथे झोपू नका. उशी मानेची पोकळी भरेल एवढीच जाड असावी.

फिजिओथेरपीत काय करतात?

अनेकांना फिजिओथेरपी म्हणजे मशीनचा शेक वाटतो. शेकाने तात्पुरता आराम मिळतो. खरा उपचार म्हणजे तपासणी करून आखलेला व्यायाम. साध्या मानदुखीत हे चार व्यायाम सहसा शिकवतात :

१. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढा, ५ सेकंद थांबा. १० वेळा.
२. खांद्यामागची दोन्ही पाती एकमेकांकडे आवळा, ५ सेकंद थांबा. १० वेळा.
३. कान खांद्याकडे हळू झुकवा, २० सेकंद थांबा. दोन्ही बाजूंनी तीनदा.
४. कपाळाला तळवा लावून डोक्याने हलका दाब द्या, मान हलू देऊ नका. मग मागून आणि दोन्ही बाजूंनी तसेच. प्रत्येकी ५ सेकंद.

ताण जाणवला तर चालेल, पण कळ आली तर थांबा. फरक दोन दिवसांत दिसत नाही, काही आठवडे नियम पाळावा लागतो.

हे टाळा

केस कापून झाल्यावर मान "कट्ट" करून मोडून घेऊ नका. त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. मनाने मानेचा पट्टा घेऊन महिनोन् महिने वापरू नका, स्नायू आणखी कमजोर होतात. वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्याने पोट आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचे?

हातात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, चालताना तोल जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, अपघातानंतर मान दुखत असेल, किंवा दुखण्यासोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, तर घरगुती व्यायाम करत बसू नका.

खासगी उपचार परवडत नाहीत म्हणून दुखणे अंगावर काढू नका. मुंबईत केईएम, सायन आणि हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था येथे, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपी विभाग आहेत. इतरत्र आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. खासगीत जाणार असाल तर बीपीटी पदवी आहे का, ते विचारा.

आमच्या अभ्यासिकेत आता दर अर्ध्या तासाला घंटा वाजते आणि सगळे उठतात. पहिल्या आठवड्यात मुले वैतागली. आता घंटा चुकली तर तीच आठवण करून देतात. तुमच्या अभ्यासिकेतही हे उद्यापासून सुरू करता येईल, त्याला एक रुपयाही लागत नाही. आणि शेजारी बसणारा सारखी मान चोळताना दिसला, तर त्याने सांगायची वाट बघू नका, आपणच विचारा.